इंटरनॅशनल सर

आमच्या तालुक्याच्या गावात आंतरराष्ट्रीय म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी आहेत. पहिली बायपासलगतची 'इंटरनॅशनल स्कूल'. तिची बालवाडी पत्र्याच्या शेडमध्ये भरते. दुसरे आमच्या कॉलेजातले वाणिज्य विभागाचे सर. शाळेचं आंतरराष्ट्रीयत्व कमानीवरच संपतं. सरांचं बायोडाट्याच्या तिसऱ्या पानावर सुरू होतं आणि पुढची 22 पानं थांबत नाही. पासपोर्ट त्यांनी काढलेला नाही. गोव्याच्या पुढं ते गेलेले नाहीत. पण 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ' अशा नावांच्या इतक्या ठिकाणी ते छापून आलेत, की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना इंटरनॅशनल सर म्हणतात. सरांना त्यात थट्टा दिसत नाही. हाक आली की ते 'बोला' म्हणतात.

दिसायला सर अगदी घरगुती. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, ओळखपत्राच्या दोरीलाच अडकवलेला पेन ड्राइव्ह आणि काखेत बॉक्स फाइल. घरी अशा तीन फायली आहेत: 'कॅस', 'नॅक' आणि 'इतर'. 'इतर'मध्ये रेशनकार्ड, एलआयसीच्या पावत्या आणि मुलांचे जन्मदाखले. बाकीच्या दोन्हींत प्रमाणपत्रं. प्रत्येक शोधनिबंधामागं एक प्रमाणपत्र येतं. चारी बाजूंनी वेलबुट्टी, वर पृथ्वीचा गोल, खाली मुख्य संपादकाची सही. ही सही कुणाची, ते अजून कुणालाही लावता आलेलं नाही. सर ते प्रमाणपत्र त्याच दिवशी लॅमिनेट करून आणतात. कागद रोलरमधून बाहेर आला की सरांच्या लेखी संशोधन पूर्ण झालं.

कुठल्याही कार्यक्रमात सरांचा परिचय करून द्यायचा असेल, तर सूत्रसंचालकाच्या हातात छापील मजकूर आधीच पडलेला असतो. 87 आंतरराष्ट्रीय शोधनिबंध, 41 राष्ट्रीय, 9 पुस्तकं, 6 संपादक मंडळांवर सदस्यत्व. एका स्नेहसंमेलनात साखर कारखान्याचे चेअरमन अध्यक्ष होते. हा सगळा पाढा ऐकून ते माइक सुरू आहे हे विसरून म्हणाले, "मग हे इथं काय करत्यात?"

तर सर इथं कॅसची वाट बघत असतात. कॅस म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीची योजना. पगाराचा पुढचा टप्पा, मागचा फरक आणि घराचे हप्ते, तिन्ही तिच्यावर अवलंबून. त्यामुळं सर जन्मतः इंटरनॅशनल होते असं कुणी समजू नये. पूर्वी ते वर्गात फळ्यावर कीर्द-खतावणी शिकवायचे आणि फार छान शिकवायचे. त्या काळचे विद्यार्थी आज गावात कर सल्लागार आहेत आणि सरांचं रिटर्न फुकट भरून देतात. मग 2010 साल आलं आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांचं मोजमाप गुणांत करायचं ठरवलं. तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकात निबंध आला तर 15 गुण. तपासणी नसली, पण नियतकालिक मान्यताप्राप्त आणि प्रतिष्ठित असलं आणि त्याला आयएसएसएन क्रमांक असला तर 10. हा नियम दिल्लीहून निघाला. वाटेत 'मान्यताप्राप्त आणि प्रतिष्ठित' हे शब्द गळाले आणि आमच्या स्टाफरूममध्ये फक्त क्रमांक पोहोचला.

आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक. नियतकालिक कुठलं हे ओळखता यावं, एका नावाची दोन असली तर गोंधळ होऊ नये, एवढ्यासाठी तो देतात. त्याचं मुख्य केंद्र पॅरिसला आहे. भारतात तो दिल्लीतून मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. आत काय छापलंय हे तो देणारे बघत नाहीत, त्यांचं ते कामही नाही. हे सगळं आमच्या ग्रंथपाल मॅडमनी सरांना एकदा शांतपणे समजावून सांगितलं. सरांनी त्यातलं एकच नेमकं उचललं. "पॅरिस?" ते म्हणाले आणि फायलीवर हात फिरवू लागले.

गुणांच्या त्या नियमात आणखी एक गंमत होती. निबंध एकाहून जास्त जणांनी लिहिला, तर पहिला लेखक आणि पत्रव्यवहार करणारा लेखक यांनी 60 टक्के गुण वाटून घ्यायचे, उरलेल्यांनी 40. भागीदारी खात्यात उभी हयात गेलेल्या माणसाला ही वाटणी समजावून सांगावी लागत नाही. सरांनी तीन कॉलेजांतल्या मित्रांचं मंडळ जमवलं. एकानं लिहायचं, चौघांची नावं घालायची, पुढच्या खेपेला दुसऱ्यानं लिहायचं. यात प्राणिशास्त्राचे एक सर आहेत, त्यामुळं 'सहकारी पतसंस्थांची थकबाकी' या विषयावर त्यांचंही नाव आहे. बदल्यात खेकड्याच्या कवचावरच्या निबंधात आमचे सर तिसरे लेखक आहेत. "संशोधन आंतरविद्याशाखीय असावं, असं नव्या धोरणातच आहे," सर म्हणतात.

विषय शोधण्यात सरांचा वेळ जात नाही. सरकारनं एखादी योजना काढली, की सरांचा निबंध तयार. 'जनधन योजनेचा परिणाम: विशेष संदर्भ', पुढं आमच्या तालुक्याचं नाव. 'जीएसटीचा परिणाम: विशेष संदर्भ', तोच तालुका. 'कोविडचा परिणाम: विशेष संदर्भ', तालुका तोच. प्रश्नावली भरणारे 50 जणही तेच. जनधन, जीएसटी आणि कोविड या तिन्ही बाबतींत त्यांतले 76 टक्के 'अंशतः सहमत' आहेत. आमचा तालुका सहज सहमत होणारा नाही, हे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कुणीही बघून यावं. सरांच्या तक्त्यांत मात्र तो कायम समंजस.

हिवाळा हा चर्चासत्रांचा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत दर शनिवारी कुठलं ना कुठलं कॉलेज एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र भरवतं. नोंदणी शुल्कात नाष्टा, जेवण, बॅग, पॅड आणि आयएसएसएनवाल्या नियतकालिकाचा विशेषांक. उद्घाटन दीड तास उशिरा होतं, मग सत्कार, मग जेवण. दुपारच्या सत्रात निबंधवाचनाला प्रत्येकी तीन मिनिटं. सर तिसऱ्या मिनिटाला 'शेवटी निष्कर्ष एवढाच की' म्हणतात आणि बसतात. निष्कर्ष कुणी ऐकलेला नसतो, कारण प्रमाणपत्रवाटपाची रांग मागच्या दारापाशी सुरू झालेली असते. विशेषांक मात्र 400 पानांचा निघतो. तो उघडून बघणारं गावात एकच माणूस आहे, आमच्या मॅडम. त्यांना तो दाखलनोंद वहीत चढवावा लागतो.

आंतरराष्ट्रीय प्रकाशनं मोबाइलवरून होतात. सरांच्या व्हॉट्सॲपवर असे सात-आठ ग्रुप आहेत. रोज सकाळी सुविचार आणि दत्तगुरूंच्या फोटोपाठोपाठ येतं ते निबंधांचं आवाहन. 'सर्व विषय, सर्व भाषा, 72 तासांत प्रकाशन, शुल्क 1,500, प्रमाणपत्रासह, चार लेखकांपर्यंत जादा आकार नाही.' ईमेलचा थाट याहून मोठा. त्यात सरांना 'प्रख्यात संशोधक' म्हटलेलं असतं आणि 'आपला मौलिक निबंध वाचून आम्ही भारावलो' असं लिहिलेलं असतं. सर तो मजकूर वहिनींना वाचून दाखवतात. "बघ, कुठून कुठून लिहितात लोक." वहिनी विचारतात, "पैसे किती मागतायत?"

मॅडमनी यावर सरांना ऑस्ट्रेलियातली एक हकिकत सांगितली. पीटर व्हॅम्प्लू हे तिथले संगणकशास्त्राचे अभ्यासक. असल्या मेलना ते कंटाळले. 2014 मध्ये त्यांनी अशाच एका नियतकालिकाला उत्तरादाखल एक निबंध धाडला. 'मला तुमच्या मेलयादीतून काढा' हे एकच वाक्य, मध्ये एक कचकचीत शिवी, आणि तेच वाक्य दहा पानं. हा निबंध मुळात अमेरिकेतल्या दोघा संगणकतज्ज्ञांनी 2005 मध्ये गमतीनं रचला होता. नियतकालिकानं निबंध स्वीकारला, परीक्षकाचा उत्तम शेरा दिला आणि 150 डॉलर मागितले. स्टाफरूम हसून बेजार झाली. सर गंभीर होते. "दहा पानं घेतली? आम्हाला आठची मर्यादा असते."

निबंधाची तपासणी, म्हणजे पीअर रिव्ह्यू, सरांच्या अनुभवात फार जलद होते. सकाळी 11 ला निबंध पाठवला की चहाच्या सुट्टीपर्यंत अहवाल: 'चांगला निबंध. स्वीकृत. कृपया शुल्क भरावे.' सरांना या कार्यक्षमतेचं मनापासून कौतुक आहे. "आपल्याकडं पेपरचं पुनर्मूल्यांकन व्हायला एक सेमिस्टर जातं. ही माणसं दोन तासांत मोकळी." 2013 मध्ये 'सायन्स' साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकारानं कर्करोगावरच्या औषधाचा एक निबंध रचला. त्यातल्या चुका कुणाही जाणत्या परीक्षकाला पहिल्या वाचनात दिसाव्यात अशा होत्या. तो 304 मुक्त प्रवेश नियतकालिकांकडे गेला आणि 157 जणांनी स्वीकारला. मॅडमनी हे आकडे दिले तेव्हा सर म्हणाले, "बघा, जवळजवळ निम्म्यांनी घेतला नाही. तुम्ही उगाच म्हणता की तपासणी होत नाही."

सरांचा खरा जीव इम्पॅक्ट फॅक्टरवर. सराफाकडं गेलेलं माणूस जसं आधी कॅरेट विचारतं, तसे सर निबंध द्यायच्या आधी फॅक्टर विचारतात. 5.412 असला तर बरा, 7.836 असला तर उत्तम. दशांशानंतरचे तीन आकडे त्यांना विशेष प्रिय. एवढं बारीक मोजणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असा त्यांचा हिशेब. हा आकडा 'क्लॅरिव्हेट' ही कंपनी दरवर्षी ठरावीक नियतकालिकांचा काढते. गेल्या दोन वर्षांतल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा आधार घेतला, एवढंच त्यात मोजलेलं असतं. कल्पना युजीन गारफिल्ड यांची. ग्रंथालयांना नियतकालिकं निवडायला सोपं जावं, हाही तिच्यामागचा एक हेतू. सरांच्या नियतकालिकांचा फॅक्टर दुसऱ्याच दुकानांत मिळतो. त्या दुकानांच्या पाट्यांवर 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल', 'सायंटिफिक' असे शब्द असतात आणि फॅक्टर दरवर्षी न चुकता वाढतो. मॅडमनी सरांना विचारलं, "तुमच्या निबंधांचा आजवर कुणी आधार घेतला?" सर म्हणाले, "मीच घेतो की. पुढच्या निबंधात."

यथावकाश सर संपादक झाले. एका मेलला 'होय' एवढंच उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर त्यांचा फोटो लागला. शेजारी नायजेरिया, मलेशिया आणि रुमानियाची माणसं. त्यांना आपण तिथं आहोत हे ठाऊक होतं की नाही, हा प्रश्न मॅडमचा. त्यांनी सरांना पोलंडच्या अभ्यासकांचा प्रयोग सांगितला. 'ॲना ओ. शुस्ट' नावाची एक बाई त्यांनी कागदावर निर्माण केली. पोलिश भाषेत 'ओशुस्ट' म्हणजे ठग. तिच्या नावावर धड एकही शोधनिबंध नव्हता, संपादनाचा अनुभव शून्य. तिचा संपादकपदासाठीचा अर्ज 360 नियतकालिकांना गेला आणि 48 जणांनी तिला नेमलं. 2017 मध्ये 'नेचर'नं ही सगळी हकिकत छापली. सरांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि थोड्या वेळानं हलकेच विचारलं, "त्यांतल्या काही जागा अजून रिकाम्या असतील का?"

संपादक या नात्यानं सरांकडंही निबंध तपासायला येऊ लागले. एक आला गोड्या पाण्यातल्या माशांवर. सरांनी 'गुड' असा शेरा मारून परत धाडला. वाचला का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अहो, मी माळकरी. मासे मी खातसुद्धा नाही."

सरांच्या या भरभराटीत मधूनमधून संकटं आली. ती सगळी याद्यांच्या रूपानं आली. जानेवारी 2017 मध्ये आयोगानं मान्य नियतकालिकांची यादी काढली. नावं 38 हजारांच्या आसपास. सरांची सगळी दुकानं त्यात होती, म्हणून त्यांनी पेढे वाटले. मे 2018 मध्ये त्याच यादीतून 4,305 नावं वगळली गेली. त्या दिवशी सर डबा न उघडता घरी गेले. त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये एक पाहणी आली. विद्यापीठांच्या शिफारशीनं यादीत शिरलेल्या आणि दुसऱ्या कुठल्या मोठ्या सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची असू शकतात, असा तिचा निष्कर्ष होता. सर धीर देत म्हणाले, "म्हणजे 12 टक्के चांगली आहेत. आपली त्यातली."

जून 2019 मध्ये 'केअर' यादी आली. तिचं काम पुण्याला, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. ती छोटी होती आणि कडक होती. मग सरांसारख्यांच्या सोयीसाठी बाजारात जुळी भावंडं जन्मली. यादीतल्या एखाद्या जुन्या, छापील, वेबसाइट नसलेल्या नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन उचलायचा, त्याच नावाची वेबसाइट थाटायची आणि शुल्क गोळा करायचं. अशा नकलांची वेगळी यादी 'केअर'ला प्रसिद्ध करावी लागली. सरांचा एक निबंध अशाच एका जुळ्यात निघाला. मॅडमनी खऱ्या नियतकालिकाच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडून एक वयस्कर व्यवस्थापक बोलले, "आमचा अंक टपालानं जातो, ताई. वेबसाइट काढायचं चाललंय, पण कार्यकारिणीत अजून ठराव व्हायचाय."

एवढं सगळं कानावर पडूनही सर मुक्त प्रवेशाचे, म्हणजे ओपन ॲक्सेसचे, कट्टर पुरस्कर्ते आहेत. "ओपन ॲक्सेस म्हणजे काय? पैसे भरा, दार उघडं." हे वाक्य ऐकलं की मॅडमचा संयम संपतो, आणि तो संपावा असंच ते वाक्य आहे. दार उघडायचं होतं वाचणाऱ्याला. 2002 मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात मागणी झाली ती हीच. संशोधन जगात कुणालाही नेटवर फुकट वाचता यावं, आमच्यासारख्या कॉलेजाला वर्गणी परवडत नाही म्हणून ते कुलूपबंद राहू नये. छपाईचा आणि तपासणीचा खर्च कुणीतरी करायचा असतोच. कुठं विद्यापीठ करतं, कुठं विद्वत्सभा, कुठं लेखकाच्या अनुदानातून जातो. 2006 मध्ये सुरू झालेलं 'प्लॉस वन' लेखकाकडून शुल्क घेतं आणि निबंध नाकारतंही. तेव्हा शुल्क मागितलं म्हणून कुणी ठग ठरत नाही आणि फुकट छापलं म्हणून कुणी साधू ठरत नाही. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात 2003 मध्ये 'डीओएजे' ही मुक्त प्रवेश नियतकालिकांची निर्देशिका सुरू झाली. तिच्यातली निम्म्याहून जास्त नियतकालिकं लेखकाकडून एक पैसाही घेत नाहीत. या निर्देशिकेनंही नियम कडक करून 2016 मध्ये तीन हजारांवर नावं एका फटक्यात काढून टाकली होती.

"आणि ठगांना शिक्षाही होते बरं का, सर," मॅडमनी सांगितलं. हैदराबादच्या 'ओमिक्स' या प्रकाशन कंपनीला अमेरिकेतल्या न्यायालयानं 2019 मध्ये पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला. तपासणीचे खोटे दावे केले आणि शुल्क लपवलं, असा आरोप होता. सर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "डॉलरमध्ये? म्हणजे खरोखरच आंतरराष्ट्रीय होती."

आता सरांची खरी गोष्ट. सरांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. आमच्या गावचा आठवडी बाजार मंगळवारी भरतो आणि सर लहानपणापासून त्या बाजारात बसलेले. गेली कित्येक वर्षं ते एका लाल कापडी बांधणीच्या वहीत नोंदी करतात. कुणी कुणाला उधार दिलं, उसाचं बिल आलं की कुठली उधारी आधी फिटते, कुठली दिवाळीपर्यंत रेंगाळते, भाजीवाल्या बायकांची उधारी कागदाशिवाय कशी चालते. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटा बंद झाल्या तो मंगळवार होता, आमच्या बाजाराचा दिवस. व्यापारी दिवसभराचा गल्ला घेऊन घरी पोहोचले आणि टीव्हीवर ती बातमी लागली. पुढच्या मंगळवारी बाजार भरला की नाही, भरला तर कशाच्या जोरावर, कुणी कुणावर विश्वास टाकला, हे सगळं त्या वहीत तारीखवार आहे. चहाच्या टपरीवर सर हे सांगू लागले, की ऐकणाऱ्यांचे तास बुडतात. त्यांना 'अंशतः सहमत' असलेले 50 जण तिथं लागत नाहीत. माणसं नावानिशी येतात.

ही वही निबंध म्हणून लिहा, असा मॅडमनी लकडा लावला. सर म्हणायचे, "त्याला थिअरी कुठाय?" शेवटी लिहिलं. मॅडमनी निवडून दिलेल्या एका नावाजलेल्या, शुल्क न घेणाऱ्या नियतकालिकाला पाठवलं. चार महिने काहीच नाही. सर रोज विचारायचे, "बंद पडलं असेल का?" मग उत्तर आलं. दोन परीक्षकांचे अभिप्राय, सहा पानं. सर ती पानं हातात धरून स्टाफरूमभर फिरले. एवढा अपमान त्यांचा आयुष्यात झाला नव्हता. "पहिला विचारतो, नमुना कसा निवडला. अहो, निवडायचा कुठला, सगळे ओळखीचे आहेत! दुसरा म्हणतो, विषय मोलाचा आहे, नोंदी दुर्मीळ आहेत, पण चौथ्या तक्त्यातली बेरीज जुळत नाही. मला बेरीज शिकवतो! वाणिज्याच्या माणसाला!"

त्या रात्री सर लाल वही घेऊन बसले. पहाटे लक्षात आलं, बेरीज खरंच चुकली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी हे स्वतःहून सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. 128 निबंध छापून झाले, पण सरांची बेरीज कुणी करून पाहिली ती ही पहिलीच वेळ.

इथं गोष्ट गोड व्हायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात कॅसच्या शिबिराची तारीख लागली आणि फायलीत एक प्रकाशन कमी पडलं. दुरुस्तीला सवड नव्हती. पेन ड्राइव्हवर निबंधाची जुनी प्रत होती. सरांनी ती 72 तासवाल्यांना पाठवली. तिसऱ्या दिवशी निबंध निघाला, सरांच्या आडनावात एक अक्षर कमी आणि चौथ्या तक्त्यातली बेरीज जशीच्या तशी. पदोन्नती झाली, फरक मिळाला, स्लॅब पडला. दोन वर्षांनी त्या प्रकाशकानं वेबसाइटचं भाडं भरलं नाही. आता त्या पत्त्यावर ऑनलाइन रमीची जाहिरात उघडते. एकदा छापून झालेला निबंध खऱ्या नियतकालिकानं पुन्हा का घ्यावा? आमच्या बाजाराची ती हकिकत आज कुठंच वाचायला मिळत नाही. प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट केलेलं आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगानं 'केअर' यादीही बंद केल्याचं जाहीर केलं. नियतकालिकाचा दर्जा आता संस्थांनी आणि संशोधकांनी स्वतः जोखायचा, त्यासाठी मार्गदर्शक निकष दिले आहेत. सर तडक ग्रंथालयात आले. "यादी गेली. म्हणजे आता सगळीच चालणार?" मॅडमनी त्यांना चार प्रश्न लिहून दिले. या नियतकालिकातला एखादा लेख तुम्ही स्वतः वाचलाय का? संपादक मंडळावरच्या कुणाला विचारलं, तर तो 'होय, मी तिथं आहे' म्हणेल का? शुल्क किती आणि कशाचं, हे निबंध पाठवण्याआधी स्पष्ट लिहिलंय का? आणि तुमच्या विषयातली जाणती माणसं त्यात लिहितात का? सरांनी चारही प्रश्न दोनदा वाचले, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दारातून परत वळून म्हणाले, "मॅडम, या चारही प्रश्नांत पास झालेल्यांची यादी कुठं मिळेल?"

सरांना ठग म्हणता येत नाही, कारण त्यांनी कुणाला लुबाडलं नाही. फसलेलेही म्हणता येत नाही, कारण जे विकत घ्यायला गेले ते त्यांना मिळालं. आपण मोजायला सांगितलं, त्यांनी मोजून दाखवलं. वाचायला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या ओळखीतही असे एखादे सर असतील. भेटले की किती निबंध झाले, हे विचारू नका. त्यांतला एक वाचायला मागा, आणि वाचताना त्यातली एक तरी बेरीज करून पाहा.